मोटारीच्या टाकीतून सायफनने इंधन काढणे

मोटारीच्या टाकीतून सायफनने इंधन काढणे म्हणजे वाहनाच्या इंधनटाकीच्या तोंडातून नळी आत सोडून, द्रवाच्या दोन पातळ्यांमधील फरकाचा उपयोग करून, पेट्रोल अथवा डिझेल खाली ठेवलेल्या भांड्यात उतरवून घेणे होय. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत भारतातील बहुतेक मोटारींमधून अशा रीतीने इंधन काढता येत असे. वाटेत पेट्रोल संपलेल्या गाडीला दुसऱ्या गाडीतून लिटरभर पेट्रोल देण्याची ती नेहमीची रीत होती. इंधनचोरीचीही तीच रीत होती. आधुनिक मोटारींमध्ये भरणनलिकेची रचना, टाकीच्या तोंडाशी असलेल्या झडपा, टाकीचा आकार आणि तिची जमिनीलगतची जागा यांमुळे ही पद्धत बहुधा निष्फळ ठरते. हे अडथळे प्रामुख्याने चोरी रोखण्यासाठी निर्माण झाले, असा समज आढळतो. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेकांचे मूळ अपघातानंतर लागणारी आग आणि वातावरणात जाणारी इंधनाची वाफ रोखण्याच्या उपायांत आहे.

महाराष्ट्रात पेट्रोलचे दर दीर्घकाळ सर्वाधिक राहिलेल्या ठिकाणांमध्ये परभणीचे नाव वारंवार घेतले जाते. त्यामुळे टाकीतील इंधनाची सुरक्षितता हा तेथील वाहनधारकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

तत्त्व

सायफनला मराठीत वक्रनलिका असेही म्हणतात. द्रवाने पूर्ण भरलेल्या वाकड्या नळीचे एक टोक वरच्या भांड्यातील द्रवात बुडलेले आणि दुसरे टोक त्या द्रवाच्या पृष्ठभागापेक्षा खाली असेल, तर द्रव नळीतून आधी वर चढतो व मग खाली वाहतो. नळीच्या खाली उतरणाऱ्या भागातील द्रवाचे वजन प्रवाह पुढे ओढते, तर वरच्या भांड्यातील द्रवावर असलेला हवेचा दाब नळीतील द्रवस्तंभ तुटू देत नाही. प्रवाह चालू राहण्यास तीन गोष्टी आवश्यक असतात. नळीचे आतील टोक द्रवात बुडलेले असले पाहिजे, नळीत हवेचा खंड पडता कामा नये आणि बाहेरील टोक टाकीतील पातळीच्या खाली राहिले पाहिजे. आधुनिक मोटारीत या तिन्ही अटी एकाच वेळी पाळणे कठीण जाते.

प्रवाह सुरू करण्यासाठी नळी प्रथम द्रवाने भरावी लागते. तोंडाने हवा ओढून नळी भरण्याची जुनी सवय अत्यंत धोकादायक आहे. तिचे परिणाम पुढे दिले आहेत.

ग्रामीण महाराष्ट्रात हे तत्त्व पुस्तकाबाहेरही परिचयाचे आहे. पिंपातून रॉकेल काढताना, कालव्यातून अथवा हौदातून बांधापलीकडे पाणी घेताना नळी भरून खाली सोडण्याची युक्ती अनेकांनी लहानपणापासून पाहिलेली असते. पिंप आणि मोटारीची टाकी ही दोन्ही केवळ भांडी आहेत, हे गृहीत धरल्यामुळेच नव्या मोटारीपुढे ही युक्ती फसते.

जुन्या वाहनांतील स्थिती

अॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि महिंद्र जीप यांच्या काळातील टाक्या पत्र्याच्या असत व त्यांचे तोंड तुलनेने रुंद आणि आखूड असे. जुन्या जीपमध्ये टाकी चालकाच्या आसनाखालीच असे, त्यामुळे तोंडातून सोडलेली नळी जवळजवळ सरळ तळापर्यंत पोहोचे. अनेक टाक्यांच्या तळाशी गाळ व पाणी काढून टाकण्यासाठी आट्याचे बूचही असे. इंजिनला इंधन पुरविणारा यांत्रिक पंप इंजिनजवळ असल्याने टाकीच्या आत इंधन मोजणाऱ्या तरंगकाखेरीज विशेष काही नसे.

या साध्या रचनेचा गैरफायदा जगभर घेतला गेला. १९७३ च्या तेलसंकटात अमेरिकेत पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा उभ्या गाड्यांतून पेट्रोल पळविण्याचे प्रकार वाढले आणि कुलपाच्या झाकणांची विक्रीही वाढली. भारतातही कुलूप असलेले झाकण हा दीर्घकाळ चोरीवरील मुख्य उपाय होता. पुढे झाकणाला झाकणारे पत्र्याचे दारच गाडीच्या आतून, चालकाजवळच्या खटक्याने अथवा मध्यवर्ती कुलपाने, बंद होऊ लागले.

आधुनिक टाकीतील अडथळे

भरणनलिका

आजच्या बहुतेक मोटारींमध्ये टाकी मागील आसनाखाली, मागच्या चाकांच्या पुढे असते. मागून धडक बसली तरी ती चेपली जाऊ नये म्हणून ही जागा निवडली जाते. भरण्याचे तोंड मात्र मागच्या चाकाच्या वरच्या बाजूस असते. या दोहोंना जोडणारी नलिका चाकाच्या कमानीला वळसा घालून, चेसिसचे भाग टाळत टाकीपर्यंत जाते. तिला एकाहून अधिक वळणे असतात. मऊ नळी या वळणांत दुमडते, ताठ नळी वळत नाही. दोन्ही प्रकारांत टोक इंधनापर्यंत पोहोचेलच याची खात्री नसते.

नलिकेच्या तोंडाशी असलेली अरुंद चकती हा आणखी एक अडथळा आहे. तिचा इतिहास शिसेविरहित पेट्रोलशी जोडलेला आहे. उत्प्रेरक परिवर्तक बसविलेल्या मोटारीत शिसेयुक्त पेट्रोल गेले तर तो परिवर्तक निकामी होतो. म्हणून अमेरिकेत १९७० च्या दशकात शिसेविरहित पेट्रोलच्या पंपाचे नोझल बारीक ठेवण्यात आले आणि गाडीच्या तोंडातही तेवढेच नोझल जाईल अशी चकती बसविण्यात आली. भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल व परिवर्तक असलेल्या मोटारी आल्या. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. शिसे गेले तरी अरुंद तोंड टिकून राहिले.

काही मोटारींना फिरवून काढायचे झाकण नसतेच. त्यांच्या तोंडाशी स्प्रिंगवर मिटणारी दारे असतात. ठराविक जाडीचे नोझल आत आले आणि त्याने कडेच्या खटक्या एकाच वेळी दाबल्या तरच ती उघडतात. बारीक नळीने ती उघडत नाहीत, आणि बळ लावल्यास मोडतात.

झडपा आणि जाळी

भरणनलिका जेथे टाकीत शिरते तेथे बहुधा एकमार्गी झडप असते. पंपावरून येणाऱ्या इंधनाच्या जोराने ती आत उघडते आणि प्रवाह थांबताच मिटते. भरताना इंधन उलटून अंगावर उडू नये आणि अपघातात नलिका तुटली तरी टाकीतील इंधन सांडू नये, हे तिचे काम. गाडी उलटल्यास वाफेचे मार्ग बंद करणाऱ्या झडपाही टाकीच्या वरच्या भागात असतात. अमेरिकेतील संघीय मोटार सुरक्षा मानक क्रमांक ३०१ हे १९६८ पासून लागू झाले आणि १९७० च्या दशकात त्यात गाडी उलटवून पाहण्याच्या चाचणीची भर पडली. अशा मानकांमुळे या झडपा सर्वत्र रुळल्या.

बाहेरून सोडलेली नळी या झडपेला अडते. दामटून ती पलीकडे गेली, तर बाहेर ओढताना झडपेची पाकळी नळीवर मिटते व नळी अडकते. तुटलेली पाकळी अथवा नळीचा तुकडा टाकीत पडल्यास तो काढण्यासाठी टाकी उतरवावी लागते. दोन-चार लिटर पेट्रोलच्या मोबदल्यात होणारे हे नुकसान त्या पेट्रोलच्या किमतीच्या अनेक पट असते.

यांखेरीज काही उत्पादक नलिकेत जाळी, आडव्या पट्ट्या किंवा सच्छिद्र टोपी बसवितात. खऱ्या अर्थाने चोरीविरोधी म्हणता येईल असा अडथळा हाच. तो प्रत्येक मोटारीत असतो असे नाही. भारतातील अनेक लहान मोटारींत स्वतंत्र जाळी नसते, पण वळणे व झडप मिळून परिणाम बराचसा तोच होतो.

टाकीचा आकार व अंतर्भाग

पत्र्याच्या टाकीची जागा मोठ्या प्रमाणात प्लॅस्टिकच्या टाकीने घेतली आहे. ती साच्यात फुगवून बनवीत असल्याने तिला आसनाखालच्या उपलब्ध पोकळीचा वाटेल तसा आकार देता येतो. परिणामी टाकी पसरट, उथळ आणि वेडीवाकडी असते. नळीचे टोक तळाऐवजी एखाद्या कोनाड्यात जाऊन टेकते. ज्या गाड्यांत मागील चाकांकडे जाणारा दांडा टाकीच्या मधून जातो, त्यांतील टाकी घोड्यावरील खोगिरासारखी दोन कप्प्यांची असते. अशा टाकीच्या एका कप्प्यातून इंधन निघाले तरी दुसऱ्यातील तसेच राहते. तळाशी गाळबूच देण्याची प्रथाही मोटारींत जवळजवळ संपली आहे.

टाकीच्या आतच विजेवर चालणारा पंप बुडवलेला असतो. भारतात २००० सालाच्या सुमारास कार्ब्युरेटरऐवजी इंधन अंतःक्षेपणाची पद्धत रुळली, तेव्हापासून हा बदल सार्वत्रिक झाला. वळणावर किंवा चढावर पंप कोरडा पडू नये म्हणून तो एका लहान पेल्यात बसविलेला असतो आणि पेल्यात इंधन साठून राहते. इंधन हिंदकळू नये यासाठी टाकीत आडभिंतीही असतात. पंपातून इंजिनकडे जाणाऱ्या नळीत पेट्रोल गाडीत साधारणतः ३ ते ४ बार दाब असतो आणि इंजिन बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. डिझेलच्या कॉमन रेल यंत्रणेत तर इंजिनजवळचा दाब हजार बारच्या वर जातो. टाकीतून जमत नाही म्हणून इंजिनकडची नळी सोडवू पाहणे त्यामुळेच अधिक घातक ठरते.

पातळीतील अपुरा फरक

नळी इंधनापर्यंत पोहोचली तरी एक अडचण उरते, आणि तिचा विचार क्वचितच केला जातो. मोटारीची टाकी जमिनीपासून फार उंच नसते. भारतीय रस्त्यांसाठीच्या लहान मोटारींचा तळ जमिनीपासून सुमारे १७ सेंटिमीटरवर असतो आणि टाकी त्याच्या थोडीच वर. टाकी अर्धी रिकामी असेल तर इंधनाचा पृष्ठभाग जमिनीपासून ३० ते ३५ सेंटिमीटर एवढाच उंच राहतो. २० लिटरचा कॅन साधारण तेवढ्याच उंचीचा किंवा त्याहून उंच असतो. म्हणजे नळीचे टोक कॅनच्या तोंडाशी धरल्यास प्रवाह सुरूच होत नाही. कॅनच्या तळाशी सोडल्यास तो सुरू होतो, पण कॅनमधील पातळी टाकीतील पातळीला आली की थांबतो.

फरक जितका कमी, तितका वेग कमी. घर्षण सोडून दिले तर सायफनमधील वेग पातळीतील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. १० सेंटिमीटर फरकाला तो सेकंदाला सुमारे १.४ मीटर येतो, तर ९० सेंटिमीटर फरकाला सुमारे ४.२ मीटर. बारीक नळीत घर्षणामुळे तो याहूनही फार कमी पडतो. अडथळ्यांतून जाऊ शकेल अशी ४ मिमी आतील व्यासाची, अडीच मीटर लांबीची नळी आणि १० सेंटिमीटर फरक धरून हिशेब केला, तर एक लिटर पेट्रोल उतरण्यास साडेचार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. १० लिटरसाठी पाऊण तास, तोही पातळीतील फरक कायम राहिला असे मानून. तो कायम राहत नाही. टाकी रिकामी होत जाते, कॅन भरत जातो आणि प्रवाह मंदावत जातो.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. नळीच्या सर्वांत उंच भागात द्रवावरील दाब सर्वांत कमी असतो. तापलेल्या पेट्रोलची तेथेच वाफ होते, बुडबुडे जमतात आणि द्रवस्तंभ तुटतो. बागेत वापरायची साधी प्लॅस्टिक नळी पेट्रोलमध्ये मऊ पडते आणि चिकटते, हा भाग वेगळाच.

दुचाकी, ट्रॅक्टर आणि मालमोटारी

वर वर्णिलेली स्थिती मोटारींची आहे. इतर वाहनांत ती निराळी असते, म्हणून चोरीचा रोख त्यांच्याकडे वळतो.

जुन्या मोटारसायकलींच्या टाकीखाली पेट्रोलचा कॉक असे. चालू, बंद आणि रिझर्व्ह अशा तीन स्थितींच्या या कॉकला जोडलेली रबरी नळी ओढून काढली की सायफनचीही गरज नसे. टाकी उंचावर असल्याने पेट्रोल आपोआप खाली येई. दुचाकीच्या वाहनतळांवरील पेट्रोलचोरीचा हा जुना प्रकार. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही उत्सर्जन मानके लागू झाल्यावर दुचाकींमध्येही इंधन अंतःक्षेपण आले, पंप टाकीत गेला आणि कॉक बहुतेक गाड्यांतून नाहीसा झाला. त्याबरोबर रिझर्व्हवर टाकून पंप गाठण्याची सोयही गेली.

ट्रॅक्टरची टाकी उंच, तोंड वर आणि मार्ग सरळ असतो; पातळीतील फरक मीटरच्या आसपास मिळतो. मालमोटारीची टाकी चेसिसच्या बाजूला उघड्यावर असते व तिच्यात शेकडो लिटर डिझेल मावते. रात्री ढाब्यावर उभ्या असलेल्या मालमोटारी आणि शेतात सोडलेले ट्रॅक्टर हे म्हणूनच डिझेलचोरांचे सोपे लक्ष्य राहिले आहेत. मालमोटारींच्या भरणमुखात बसविण्याची धातूची जाळी स्वतंत्रपणे विकत मिळते.

परभणी जिल्ह्यातील संदर्भ

परभणी जिल्हा मराठवाड्याच्या मध्यभागी आहे. नाशिक जिल्ह्यातील मनमाडजवळच्या पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे मोठे इंधनसाठे असून परभणीला दीर्घकाळ तेथूनच टँकरने पुरवठा होत आला आहे. हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. वाहतुकीचा हा खर्च दरात मिसळत असल्याने परभणीतील पेट्रोल मुंबई-पुण्यापेक्षा महाग पडते. सप्टेंबर २०१८ मध्ये देशभर दर चढले असता परभणीत पेट्रोल लिटरला ९० रुपयांच्या आसपास पोहोचल्याच्या बातम्यांनी शहराचे नाव राष्ट्रीय पातळीवर चर्चेत आले. मुंबईत पेट्रोलने १०० रुपयांचा टप्पा २९ मे २०२१ रोजी ओलांडला. परभणीत तो त्यापूर्वीच ओलांडला गेला होता. जिंतूर, पाथरी, गंगाखेड, पालम यांसारख्या तालुक्यांत शेतीची बरीच कामे डिझेलवर चालणाऱ्या यंत्रांनी होत असल्याने इंधनाच्या दराचा भार मोटार नसलेल्या कुटुंबांवरही पडतो.

पुरवठ्याची साखळी लांब असल्यामुळे ती तुटण्याची भीतीही लवकर पसरते. भारतीय न्याय संहितेतील अपघातविषयक शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभी वाहनचालकांनी काम बंद ठेवले. पानेवाडीतील टँकरही थांबले आणि महाराष्ट्रातील अनेक शहरांत पेट्रोल पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. अशा प्रसंगी घरातील एका गाडीतून दुसऱ्या गाडीत पेट्रोल घेण्याची कल्पना साहजिकच सुचते आणि आधुनिक टाकीची रचना तेव्हा प्रथमच लक्षात येते.

इंधनचोरीचा अधिक गंभीर प्रकार मोटारींच्या टाक्यांशी नव्हे, तर याच पुरवठामार्गावरील टँकरांशी निगडित आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ, इंधनाची भेसळ व चोरी उघडकीस आणीत असताना, जिवंत जाळण्यात आले. या हत्येनंतर राज्यातील शासकीय कर्मचाऱ्यांनी निषेध म्हणून काम बंद ठेवले आणि भेसळीविरुद्ध ठिकठिकाणी छापे घालण्यात आले. टँकरमधून काढलेल्या इंधनाची तूट भरून काढण्यासाठी त्यात रॉकेल मिसळणे हा त्या काळातील भेसळीचा प्रचलित मार्ग होता. म्हणजे चोरी टँकरमधून झाली तरी तिची किंमत पुढे साध्या ग्राहकाचे इंजिन मोजत असे.

आरोग्यावरील परिणाम

तोंडाने ओढताना इंधन नळीतून अचानक येते. ओढणाऱ्याला नळीत द्रव कोठवर आला हे दिसत नाही, आणि श्वास आत घेण्याच्या क्रियेतच असल्याने थोडे इंधन श्वासनलिकेत जाण्याचा संभव मोठा असतो. पेट्रोल व डिझेल यांची दाटी आणि पृष्ठताण कमी असल्यामुळे फुफ्फुसात गेलेले थोडेसे इंधनही वेगाने पसरते, वायुकोशांच्या आतील संरक्षक थर विरघळविते आणि रासायनिक दाहातून न्यूमोनिया होतो. खोकला, गुदमरणे, छातीत दुखणे, ताप आणि धाप ही लक्षणे काही तासांत दिसू लागतात. कधी ती दुसऱ्या दिवशी वाढतात. वैद्यकीय साहित्यात या आजाराला ‘डिझेल सायफनर्स लंग’ असे नावच पडले आहे आणि भारतीय डॉक्टरांनीही असे रुग्ण नोंदविले आहेत. रुग्ण बहुधा चालक, क्लीनर अथवा गॅरेजमधील कामगार असतात.

इंधन तोंडात गेल्यास उलटी करविणे हा सहज सुचणारा, पण चुकीचा उपाय आहे. मिठाचे पाणी पाजणे किंवा घशात बोटे घालणे यामुळे पोटातील इंधन पुन्हा वर येते आणि फुफ्फुसात शिरण्याची दुसरी संधी मिळते. रॉकेल प्यायलेल्या मुलांच्या बाबतीत ग्रामीण भागातील आरोग्यकेंद्रांतून हीच सूचना दिली जाते. दूध किंवा तेलही पाजू नये. तोंड पाण्याने धुऊन, इंधनाने भिजलेले कपडे काढून रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेणे योग्य. खोकला थांबला असला तरी काही तास देखरेख आवश्यक असते. बंदिस्त जागेत केवळ वाफ हुंगल्यानेही चक्कर व गुंगी येते.

आगीचा धोका

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, तर जमिनीलगत पसरते आणि काही मीटर अंतरावरील शेगडी, विडी किंवा विजेच्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. पेट्रोलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ तयार होते तो, शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस आहे. त्यामुळे थंडीतही ते सुरक्षित नसते. प्लॅस्टिकच्या नळीतून वाहताना इंधनावर स्थितिक विद्युतभार साचतो. भांडे प्लॅस्टिकचे असल्यास तो जमिनीत उतरत नाही आणि त्याची ठिणगी वाफ पेटविण्यास पुरेशी असते.

डिझेल सहजी पेटत नाही, हा समज थंड प्रदेशात बऱ्याच अंशी खरा आहे. भारतीय मानकानुसार मोटारीच्या डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि उन्हातील पत्र्याची टाकी त्याहून अधिक तापते. अशा वेळी डिझेलवरही पेटू शकेल अशी वाफ असू शकते. तेथील उन्हाळ्यात डिझेल हाताळतानाही पेट्रोलइतकीच काळजी घेणे इष्ट होय.

इंधन काढण्याची वैध कारणे

टाकी रिकामी करण्याची गरज केवळ चोरालाच पडते असे नाही. पेट्रोल गाडीत डिझेल किंवा डिझेल गाडीत पेट्रोल भरले जाणे हे सर्वांत परिचित कारण. यांतील दुसरी चूक अधिक महागात पडते, कारण कॉमन रेल यंत्रणेच्या उच्चदाब पंपाला वंगण डिझेलचेच मिळते. पेट्रोलमुळे पंप झिजतो आणि धातूचा चुरा संपूर्ण यंत्रणेत फिरतो. चूक पंपावरच लक्षात आली तर गाडी सुरू न करणे महत्त्वाचे. अनेक गाड्यांत किल्ली फिरविताच, इंजिन सुरू होण्यापूर्वीच, टाकीतील पंप काही सेकंद चालतो. म्हणून किल्लीही फिरवू नये आणि गाडी ढकलून बाजूला घ्यावी.

दुसरे कारण पाणी. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवून २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. इथेनॉल पाणी शोषते. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले तर इथेनॉल व पाणी एकत्र होऊन वेगळे पडतात आणि जड असल्याने तळाशी बसतात. सायफनची नळी वरच्या थरात अडली तर वरचे बरे पेट्रोल निघून जाते आणि काढायला हवा तो थर तसाच राहतो. पंपाचे शोषणमुख नेमके तळाशी असल्याने गाडी नंतर सुरू होत नाही. पाणी शिरलेल्या टाकीसाठी सायफन हा त्यामुळे उपाय ठरू शकत नाही.

कार्यशाळेत इंधन काढण्यासाठी निराळ्या पद्धती वापरतात. बॅटरी सोडवून व यंत्रणेतील दाब उतरवून मागील आसनाखालील झाकण उघडले जाते, पंपाचा संच बाहेर काढला जातो आणि त्या रुंद मुखातून टाकी तळापर्यंत रिकामी केली जाते. काही गाड्यांत ठराविक जोडणीतून, जमिनीशी विद्युतसंपर्क जोडलेल्या बंदिस्त उपसायंत्राने इंधन ओढतात. ज्या गाड्यांत आसनाखाली झाकण दिलेले नसते, त्यांची टाकी खालून उतरवावी लागते. वाटेत इंधन संपल्यास दुसऱ्या गाडीची टाकी उपसण्यापेक्षा पंपावरून योग्य भांड्यात इंधन आणणे कमी वेळाचे व कमी जोखमीचे असते.

कायदेशीर तरतुदी

दुसऱ्याच्या वाहनातून त्याच्या संमतीविना इंधन काढणे ही चोरी आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली येत असे; आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येतो आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. चोरलेल्या वस्तूचे मूल्य ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, दोषसिद्धी पहिलीच असेल आणि वस्तू किंवा तिचे मूल्य परत केले असेल, तर नव्या संहितेत समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. मोटारीच्या एका टाकीतील पेट्रोल बहुधा या मर्यादेत बसते. टाकी फोडल्यास झालेल्या नुकसानीचा गुन्हा मात्र वेगळा.

काढलेले इंधन साठविण्यावरही बंधने आहेत. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार पेट्रोल हे ‘अ’ वर्गातील पेट्रोलियम असून विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याविना बाळगता येते. ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात असावे लागते. काचेच्या वा मातीच्या भांड्याची क्षमता १ लिटरपेक्षा आणि धातूच्या भांड्याची २५ लिटरपेक्षा अधिक असू नये. पाण्याची अथवा शीतपेयाची प्लॅस्टिक बाटली या यादीत नाही. वाहनाच्या स्वतःच्या टाकीतील इंधनाला मात्र अशा परवान्यातून सूट आहे.